बावीस तारखेची कडकी

पॉकेटमनी संपतो, मेसचं बिल मात्र थांबत नाही. स्कॉलरशिप मंजूर होते, पण ती हातात पडेपर्यंत परीक्षा आलेली असते. शहरात शिकणाऱ्या मुलामुलींच्या पैशांचा गुंता नेमका कुठे होतो आणि तो सोडवायला तुमची-आमची काय मदत होऊ शकते?

दुपारचे साडेतीन. तुम्ही मीटिंगमध्ये. अर्धं लक्ष स्क्रीनवर, अर्धं चहाकडे. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरतो. ‘दादा, बिझी आहेस का?’

बस्स, एवढाच मेसेज. पाठवणारा मावशीचा मुलगा, यंदाच पुण्यात शिकायला आलेला. आता जरा तारीख बघा. वीस ते पंचवीसच्या मधलीच असणार! दादा बिझी आहे की नाही याच्याशी त्या मेसेजचा काहीएक संबंध नाही, हे दादालाही ठाऊक असतं. ‘किती?’ एवढंच विचारायचं बाकी असतं. कारण पाच-सात वर्षांपूर्वी हाच मेसेज दादा स्वतः दुसऱ्या कुणाला तरी पाठवत होता.

मग आपण हजार-दोन हजार पाठवतो, सोबत ‘जरा जपून खर्च कर रे’ असा फुकटचा सल्लाही देतो. इथेच आपलं चुकतं. मुलं उधळतात म्हणून कडकी लागते, असं आपण धरूनच चालतो. पिझ्झा, मल्टिप्लेक्स, नवा हेडफोन... असतात असे महाभाग, नाही असं नाही. पण बहुतेकांची अडचण वेगळीच असते. पैसे लागतात जुलैत आणि मिळतात मार्चमध्ये. मधल्या आठ महिन्यांत काय करायचं, हा खरा प्रश्न.

आमच्या रूममधली चौथी

२०१९ची गोष्ट. आम्ही चौघी एका खोलीत राहायचो. त्यातली एक मराठवाड्यातल्या एका गावातून एमएस्सी करायला आलेली. बाहेरचा चहासुद्धा न पिणारी, मोबाइलचं रिचार्ज संपलं तर चार दिवस तसेच काढणारी. उधळपट्टी हा शब्द तिच्या आसपासही फिरकला नसता.

तिने स्कॉलरशिपचा फॉर्म वेळेत भरला होता. पण एका दाखल्याचा स्कॅन पुसट निघाला आणि फॉर्म दुरुस्तीसाठी परत आला. हे तिला कळलंच नाही. एकदा फॉर्म भरला की काम झालं, असं तिला वाटत होतं. ते बघेपर्यंत मुदत संपली. त्या पैशांच्या भरवशावर ठेवलेली फी थकली आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी बाकी चुकती करायला सांगण्यात आलं. घरी सांगायची हिंमत नव्हती. फोनवर एक अॅप सापडलं, पाच मिनिटांत लोन देणारं.

पाच हजार मंजूर झाले, हातात पडले साडेतीन हजार. बाकीचे प्रोसेसिंगच्या नावाखाली आधीच कापलेले. आणि परत करायचे पूर्ण पाच हजार, तेही सात दिवसांत. हिशेब करून बघा. साडेतीन हजारांवर आठवड्याला दीड हजार, म्हणजे आठवड्याचं व्याज जवळजवळ ४३ टक्के! गावच्या सावकारालाही लाज वाटावी असा दर. मग पहिल्या अॅपचे फेडायला दुसरं, दुसऱ्याचे फेडायला तिसरं. दिवाळीपर्यंत चार अॅप्स झाली आणि एके दिवशी आमच्याच फोनवर वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. तिची अख्खी कॉन्टॅक्ट लिस्ट त्यांच्याकडे होती.

शेवटी तिचे बाबा आले. रब्बीच्या पेरणीसाठी ठेवलेले पैसे देऊन सगळं मिटवलं. ती परीक्षेला बसली, पण पुढच्या सेमिस्टरला परत आली नाही. एमएस्सी पूर्ण केली दोन वर्षांनी. आणि हे सगळं कशामुळे? एका पुसट स्कॅनमुळे.

२००० रुपये, ३० दिवस

आधी साध्या बजेटचं बोलू. समजा, घरून महिन्याला १०,००० रुपये येतात. कॉट बेसिसवर खोली ४,५००, मेस ३,५००. उरले २,०००. दिवसाला पडले साधारण ६६ रुपये. यात बस, झेरॉक्स, रिचार्ज, साबण-पेस्ट आणि महिन्यातले चार रविवार, कारण रविवारी रात्री मेस बंद! आता सांगा, बावीस तारखेला खिसा रिकामा होण्यात नवल ते काय?

यावरचा फंडा अगदी सोपा आहे. खोली आणि मेसचे पैसे एक तारखेलाच द्यायचे. उरलेले २,००० एकदम हातात ठेवायचेच नाहीत. घरच्यांना सांगायचं, दर सोमवारी ५०० पाठवा. किंवा दोन खाती ठेवायची, एक मोठ्या खर्चाचं, एक यूपीआयला जोडलेलं. दर सोमवारी एकातून दुसऱ्यात ५०० टाकायचे. कडकी तरीही लागेल, पण ती रविवारी लागेल आणि सोमवारी संपेल. पंधरा दिवसांची कडकी आणि एका दिवसाची कडकी यात केवढा फरक आहे, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

दुसरं म्हणजे वर्षातून एकदा-दोनदाच येणारे खर्च. परीक्षेचा फॉर्म, प्रोजेक्टचं प्रिंटिंग-बाइंडिंग, दिवाळीला गावी जायचं तिकीट. हे अचानक येत नाहीत, दरवर्षी येतात. त्यांची जूनमध्येच यादी करायची, बेरजेला दहाने भागायचं आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला काढायची.

सवलतीही सोडू नका. एसटीच्या विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सूट असते, म्हणजे भाड्याचा फक्त एक तृतीयांश भार. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा गावी जाण्याचा खर्च तसाही निम्म्यावर आलाय. पुस्तकांचं म्हणाल, तर पुण्यात अप्पा बळवंत चौक आहेच की! सेकंडहँड घ्यायची, वर्ष संपलं की परत विकायची.

सरकारी पैसा, पण कुणासाठी?

‘स्कॉलरशिप म्हणजे नव्वद टक्केवाल्यांचं काम’, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. राज्य सरकारच्या बहुतेक योजना कुटुंबाचं उत्पन्न आणि प्रवर्ग यावर ठरतात. त्यातल्या बऱ्याचशा महाडीबीटी पोर्टलवर एकाच ठिकाणी सापडतात.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळाला असेल, तर शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला मात्र हे लागू नाही. कोटा पक्का करण्याआधी हा हिशेब जरूर करा.

मुलींसाठी तर २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून मोठा बदल झालाय. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्म्याऐवजी पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे.

फी सुटली तरी राहण्या-जेवण्याचं काय? अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर चालतात.

केंद्राच्याही योजना आहेत. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असलेल्या आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती आहे. पदवीच्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये, पदव्युत्तरला २०,०००. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपयांची.

आणखी एक प्रश्न फार कमी मुलं विचारतात. आपले आईवडील काम काय करतात? वडील कारखान्यात असतील तर महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्त्या बघा. आई किंवा वडील बांधकाम कामगार म्हणून नोंदणीकृत असतील तर त्या कल्याणकारी मंडळाचीही शैक्षणिक मदत असते. गवंड्याच्या मुलाला ही माहिती गावात कुणी सांगत नाही आणि शहरात तो स्वतःहून कुणाला सांगत नाही की माझे वडील गवंडी आहेत. पैसा तिथेच पडून राहतो.

फॉर्म भरला, पुढे काय?

माझ्या मैत्रिणीचं घोडं इथेच अडलं होतं. फॉर्म भरणं हे अर्धंच काम. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग संबंधित विभागाकडे. मध्ये कुठेही त्रुटी निघाली तर परत येतो. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून फॉर्म कुठे पोचला ते बघायचं. मोबाइल नंबर बदलला असेल तर तो आधी अपडेट करायचा. दुसऱ्या वर्षी पुन्हा नूतनीकरणाचा अर्ज करायचा, गेल्या वर्षी मिळाली म्हणून यंदा आपोआप मिळत नाही.

आणखी एक गंमत. स्कॉलरशिप मंजूर होते, खात्यात मात्र दिसत नाही. सरकारी मदत आधार नंबर ज्या खात्याशी जोडलेला असतो त्या खात्यात जाते. अनेकांचा आधार शाळेत असताना काढलेल्या, गावाकडच्या बँकेतल्या खात्याला जोडलेला असतो आणि मुलं इकडे पुण्यातल्या खात्याकडे डोळे लावून बसलेली! ते खातं बंद पडलं असेल तर पैसे अडकलेच म्हणून समजा. कुठलं खातं जोडलंय याची बँकेत एकदा खात्री करून घ्या.

कागदपत्रांची एक फाइल करा आणि तिचे स्वच्छ स्कॅन फोनमध्ये ठेवा: तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर, गुणपत्रिका, प्रवेशाचं पत्र, फीची पावती, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत बघायला विसरू नका. प्रवेशाच्या गर्दीत तहसीलमध्ये दाखल्यांसाठी रांगा लागतात, तेव्हा मे महिन्यातच अर्ज केलेला बरा.

कमवा आणि शिका

शिकता शिकता कमावणं आपल्याकडे नवं नाही. एके काळी पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या गोष्टी तर आपण आजी-आजोबांकडून ऐकल्या आहेतच. १९०९ मध्ये सुरू झालेलं पुणे विद्यार्थी गृह अशाच मुलांसाठी उभं राहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ला प्रतिष्ठा मिळवून दिली. दान नको, काम द्या, हा त्यामागचा विचार. ग्रामीण भागातून आलेल्या मुलांसाठी १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली. तिची अल्प दरातली वसतिगृहं आजही अनेकांचा आधार आहेत.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि त्याच्याशी संलग्न कॉलेजांमध्ये आजही कमवा आणि शिका योजना चालते. लायब्ररी, लॅब, ऑफिस, बाग अशा ठिकाणी रोज काही तास काम आणि तासाच्या हिशेबाने मानधन. रक्कम मोठी नसते, पण मेसचा भार बराच हलका होतो. शिवाय काम कॅम्पसमध्येच, त्यामुळे लेक्चर बुडत नाही. कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा आणि सेमिस्टर सुरू होताच भेटा, कारण जागा मर्यादित असतात.

बाहेर काम शोधायचं तर शिकवण्या, भाषांतर, टायपिंग, इव्हेंटमधली कामं हे जुने, भरवशाचे मार्ग. मात्र दोन ठिकाणी सावध राहा. ‘घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी डिपॉझिट भरा’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. आणि ‘तुझं बँक खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो’ असं कुणी म्हणालं, तर सरळ नकार. अशा खात्यांतून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. खातं गोठतं आणि पोलिस येतात ते खातेदाराच्या दारात!

कर्ज काढायचंच असेल तर...

अॅपवरच्या झटपट कर्जाबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम कडक केले. कर्जाची रक्कम बँकेकडून किंवा वित्तसंस्थेकडून थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी, एकूण खर्च किती ते आधी लेखी सांगायला हवं आणि अॅपने फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट मागता कामा नये. म्हणजे ओळख सोपी झाली. कर्ज नेमकी कुठली बँक देतेय हे जे अॅप सांगत नाही आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतं, ते तिथल्या तिथे डिलीट! आधीच फसला असाल तर लाजू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि घरी सांगा. घरचे ओरडतील, पण वसुलीवाल्यांपेक्षा कमीच.

त्यापेक्षा शैक्षणिक कर्ज कितीतरी बरं. हे कर्ज फक्त फीसाठी नसतं. वसतिगृह, पुस्तकं, कॉम्प्युटर, परीक्षा शुल्क हेही त्यात धरता येतं. ते अर्ज करतानाच धरायचं, नंतर आठवून उपयोग नाही. साधारणपणे ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ठरावीक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला असेल तर तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात ३ टक्के सवलतही आहे.

एक लक्षात ठेवा, शिकत असतानाही व्याज चढत असतं. जमेल तेवढं तेव्हाच भरत गेलं, तर नोकरी लागल्यावरचा ईएमआय हलका होतो. आणि ज्यांचा ईएमआय आता सुरू आहे, म्हणजे तुम्ही! जुन्या करप्रणालीत असाल तर या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही. मार्चमध्ये घाई करण्यापेक्षा आत्ताच हिशेब मांडा.

दादा-ताईंनो, तुमच्यासाठी

आता परत त्या साडेतीनच्या मेसेजकडे. पैसे पाठवा, जरूर पाठवा. तुमच्या दोन हजारांनी एखादं अॅप डाउनलोड व्हायचं थांबत असेल, तर ते दोन हजार सत्कारणी लागले. पण त्याबरोबर दहा मिनिटंही द्या. सल्ला नको, चार प्रश्न विचारा. स्कॉलरशिपचा फॉर्म भरलास का? तो आत्ता कुठे अडकलाय? आधार कुठल्या खात्याला जोडलाय? आणि फोनवर एखादं लोन घेतलंयस का?

चौथा प्रश्न विचारताना आवाज मऊ ठेवा. आमच्या रूममध्ये आम्ही तिघी होतो, पण तो प्रश्न एकीनेही विचारला नाही. ती रात्री उशिरा गॅलरीत जाऊन फोनवर बोलायची. आम्हाला वाटायचं, कुणीतरी ‘स्पेशल’ असेल. आम्ही तिला त्यावरून चिडवायचोसुद्धा.

स्कॉलरशिप येईपर्यंतची अडचण असेल, तर तेवढी रक्कम बिनव्याजी द्या आणि ती आल्यावर परत घ्या. ‘राहू दे रे’ म्हणू नका. परत घेतलीत, तर पुढच्या वेळी तो अॅपकडे न जाता तुमच्याकडेच येईल, मान खाली न घालता. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तो द्या. ऑफिसमधला स्कॅनर चांगला असेल तर एखाद्या शनिवारी त्याची सगळी कागदपत्रं स्कॅन करून द्या. पुसट स्कॅनची किंमत काय असते, ते तुम्ही वर वाचलंच आहे.

आणि हो, ‘बिझी आहेस का?’ला उत्तर देताना संध्याकाळ होऊ देऊ नका. ‘नाही रे, बोल.’ एवढं लिहायला मीटिंगमध्येसुद्धा वेळ असतो.